रिकामी वाटी आणि एकशे बेचाळीस लिंका

एकशे बेचाळीस शैक्षणिक लिंका मी एकही न उघडता गोळा केल्या, हे गुपित मी मरेपर्यंत पोटात ठेवणार होते. ते आता गुपित राहिलेलं नाही, कारण साठ शिक्षकांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी भित्री आहे. हे मी विनयाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. मला विजेच्या कडकडाटाची भीती वाटते, अधिकाऱ्यांची वाटते, "बाई, जरा बोलायचं होतं" असं म्हणून पुढे गप्प बसणाऱ्या पालकांची वाटते आणि जिवंत चिंबोरीची तर इतकी वाटते की विचारू नका. (चिंबोरी म्हणजे खेकडा. रश्श्यात असेल तर माझी काही हरकत नाही.) दिवेआगरसारख्या समुद्रकाठच्या गावात सून म्हणून येऊन सव्वीस वर्षं झाली, तरी कोळीण दारात टोपली उतरवते तेव्हा मी आतल्या खोलीत वह्या तपासायला बसते. सुट्टी असली तरी बसते.

माझी शाळा म्हसळ्याच्या वाटेवर, खाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत आहे. चार वर्ग, अकरा मुलं आणि दोन शिक्षक. एक मी, दुसरे मोरे सर. मोरे सर घाटावरचे, तरुण, कुठल्याही यंत्राला न घाबरता हात लावणारे. तरीही आमच्या केंद्रातली (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली) 'तंत्रस्नेही शिक्षिका' मी आहे! त्याचं असं झालं की दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात पडद्यावर चित्र उलटं दिसत होतं. सगळे मान वाकडी करून बघत होते. मी पाणी प्यायला उठले, माझा पदर प्रोजेक्टरला अडकला, यंत्र घरंगळलं आणि टेबलावर सुलटं बसलं. टाळ्या पडल्या. "मी काही केलं नाही" असं सांगायचं धाडस मला झालं नाही. तेव्हापासून मी तंत्रस्नेही आहे.

तर एके दिवशी साळवी साहेबांचा, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांचा, फोन आला.

"चोगले बाई, आनंदाची बातमी!"

अधिकाऱ्यांची आनंदाची बातमी आपल्याला नेहमी कामाला लावते.

"केंद्राला एक मोठा टीव्ही मिळतोय. इंटरनेटवाला. तुमच्या शाळेचं नाव मी पुढे केलंय. फक्त पुढच्या शिक्षण परिषदेत विद्यार्थी आणि शिक्षकांना उपयोगी पडेल असं ऑनलाइन साहित्य शोधून त्याची यादी करायची आणि वापरून दाखवायची. गटशिक्षणाधिकारी मॅडम स्वतः येणारेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर टीव्ही शेजारच्या केंद्राला जाईल. पण तुम्हाला न जमायला काय झालं? तुम्ही तंत्रस्नेही!"

इथे मी माझी पहिली चूक केली. फोन ठेवला आणि घाबरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही म्हणून समोर बसलेल्या अकरा मुलांना सांगून टाकलं, "आपल्याला टीव्ही येणार आहे!" मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं. चौथीतली तन्वी तेवढी शांत होती. तिने विचारलं, "बाई, नक्की?" मी म्हटलं, "नक्की." दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी टीव्ही ठेवायला सागाची फळी भिंतीला ठोकून दिली. आता रोज मी फळा पुसायला वळले की ती रिकामी फळी माझ्याकडे बघायची, आणि रोज तन्वी विचारायची, "बाई, कधी?"

कामाला लागावं म्हटलं, तर माझी आणि लिंकेची आधीपासूनची भानगड आडवी आली. त्याच्या आदल्याच महिन्यात एक सायबरवाले साहेब शाळेत येऊन व्याख्यान देऊन गेले होते. "अनोळखी लिंक म्हणजे अनोळखी माणूस! तुम्ही त्याला दार उघडाल का?" मुलं ओरडली, "नाही!" त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "एकदा लिंक उघडली, की तो तुमच्या फोनात शिरला! मग तुमचे फोटो त्याचे, तुमचं बोलणं त्याचं, तुमचं घर तो आत बसून बघणार!" व्याख्यान संपल्यावर मुलं खेळायला गेली. मी घरी येऊन फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

म्हणजे बघा, साहित्य शोधायचं तर लिंका उघडायला हव्यात, आणि लिंका उघडायच्या तर फोनात माणूस शिरणार. मोरे सरांना विचारावं तर माझं तंत्रस्नेहीपण उघडं पडणार. शेवटी मी एक तोडगा काढला (तोडगे भित्र्या माणसांना फार सुचतात). शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'कृपया आपल्याकडील उपयुक्त शैक्षणिक लिंक पाठवाव्यात.' लोकांनी शोधलेल्या लिंका आपण नुसत्या उतरवून घ्यायच्या. उघडायचं काम ज्याचं त्याने केलं असेलच की!

घरी आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळते, तीसुद्धा पाय पोफळीच्या बाजूला सोडून बसलं तर. तशी बसले होते, तेवढ्यात टुंग वाजलं. पलीकडच्या गावातल्या कदम गुरुजींनी गणिताची एक लिंक पाठवली होती. जवळच सासूबाई सुपारी सोलत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत.

"काय गो मंगल, काय आलं?"

"लिंक आली, आई. शाळेच्या कामाची."

"कोनी धाडली?"

"कदम गुरुजींनी."

"मंग तू काय धाडलंस?"

"मी? मी काही नाही. मी 'धन्यवाद' लिहिलं."

सासूबाईंचा हात थांबला. "म्हंजे त्यांनी भरून धाडलं न् तू रिकामी वाटी परत केलीस?"

आता इथे आमच्या घरातली वाटी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. शेजारून वाटीभर काही आलं, की ती वाटी धुऊन रिकामी परत द्यायची नाही, हे सगळीकडेच आहे. पण आमच्याकडे तो कायदा आहे. वादळात आमची निम्मी वाडी आडवी झाली, माळ्यावरचं दाणापाणी भिजलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी वाटीभर पिठलं पाठवलं. परत द्यायला घरात चिमूटभर साखर नव्हती. सासूबाईंनी अंगणात पडलेलं एक कौल उचललं, पदराने पुसलं आणि वाटीवर ठेवून पाठवलं. कौल काकूंचंच होतं, उडून आमच्या अंगणात आलेलं. पण वाटी रिकामी गेली नाही!

"आई, अहो, ती वाटी नाही, लिंक आहे."

"काय पन असूंदे. मानसानं दिलं का न्हाय? मंग! गुरुजी काय म्हनतील, चोगल्यांच्या घरात देयाची रीत न्हाय?"

कदम गुरुजी असं म्हणतील, या विचाराने मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात पुन्हा टुंग वाजलं. एका बाईंनी विज्ञानाच्या प्रयोगांची लिंक पाठवली होती. मी ती तशीच उचलली आणि गुरुजींना पाठवली. मग बाईंची वाटी रिकामी राहिली, म्हणून गुरुजींची गणिताची त्यांना दिली. दोन्ही वाट्या भरल्या. सासूबाई पुन्हा सुपारी सोलू लागल्या आणि मला वाटलं, निभावलं.

पण आमच्या केंद्रातले शिक्षकही इथलेच, त्यांच्याही घरात वाट्या आहेत. माझ्याकडून लिंक आलेली बघून गुरुजींना वाटलं, आपण काहीतरी परत द्यायला हवं. त्यांनी इंग्रजी कवितांची दिली. मी त्यांना चित्रकलेची दिली. बाईंनी परिपाठाची दिली, मी त्यांना इंग्रजी कवितांची दिली. हे बघून बाकीच्यांना वाटलं आपण मागे पडतोय. फोन आता विहिरीच्या कठड्यावरच ठेवलेला असायचा. पहाटे पाचला टुंग! चहा गाळताना टुंग! ज्यांनी जन्मात ग्रुपवर तोंड उघडलं नव्हतं, ते निवृत्तीला आलेले मुख्याध्यापकसुद्धा लिंका वाटायला लागले. नाही म्हणायचं कुणाचंच काळीज नाही आणि रिकामं परत पाठवायची कुणाचीच रीत नाही. सगळा ग्रुप नुसता ताटं-वाट्या घेऊन या दारातून त्या दारात पळत होता.

मोरे सरांना यातलं काही कळेना. एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, मी ग्रुपवर फक्त 'शुभ सकाळ' टाकलं होतं. तुम्ही मला अपूर्णांकांचा व्हिडिओ का पाठवला?"

"तुम्ही काहीतरी दिलंत ना, सर."

"पण मी गुलाबाचं फूल दिलं होतं!"

"म्हणूनच," मी म्हटलं. घाटावरच्या माणसाला किती समजावणार?

आता यादी. आलेली प्रत्येक गोष्ट रजिस्टरात उतरवली नाही, तर मला झोप लागत नाही. तेव्हा मी नवं रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून आली, विषय, लिंक, शेरा. आणि लिंका हाताने उतरवायला घेतल्या! लिंक म्हणजे काय असते ते तेव्हा कळलं. सुतळीसारखी लांबच लांब, कुठे मोठी अक्षरं, कुठे बारकी, मध्येच आकडे. आमचे हे सुपारीच्या पोत्यावर बसून फोनात बघून सांगायचे आणि मी लिहायची.

"तिरकी रेघ, तिरकी रेघ, मग वाय, मोठा क्यू, शून्य..."

"शून्य की ओ?"

"गोल हाय."

"अहो, शून्यही गोल असतं आणि ओसुद्धा गोल असतो!"

"मंग गोल काढ की! ज्याला जो पायजे तो तो घेईल."

मी गोल काढले. अशी पानांमागून पानं गोलांनी भरली. शेऱ्याच्या रकान्यात मी प्रत्येक लिंकेपुढे सुवाच्य अक्षरात 'उपयुक्त' लिहीत गेले. उघडली एकही नव्हती. बोट कधी चुकून लिंकेच्या जवळ गेलं तर मी फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवून चार पावलं मागे व्हायची, न जाणो आतून कुणी डोकावलं तर!

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी एकशे चाळीस झाल्या होत्या. दुपारी कदम गुरुजींची भूगोलाची एकशे एक्केचाळिसावी लिंक आली आणि मी हादरले. माझ्याकडे त्यांना परत द्यायला त्यांनी न पाहिलेलं काही उरलंच नव्हतं! सगळं त्यांच्या दारावरून दोनदोनदा फिरून आलेलं.

"घरचं दे काय तरी," सासूबाई म्हणाल्या. "घरचं असलं का थोडं असलं तरी चालतंय."

"घरची लिंक कुठून आणू, आई?"

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "हाय की एक. अमूनं घरच्या ग्रुपवर टाकलेली." अमू म्हणजे आमची लेक, पुण्याला शिकते. दिवाळीत आली होती तेव्हा दिसेल त्याचं शूटिंग करत हिंडत होती. "सुपारी पाडताना, सोलताना सगळं काढलंन तिनं. तेच असंल."

"तुम्ही पाहिलंत?"

"रेंज कुठं हाय बघायला? नुसता राखाडी चौकोन दिसतो."

पण माझ्या लेकीने पाठवलेली, माझ्या वाडीतली, माझ्या घरची लिंक! एवढ्या लिंकांमध्ये जिची भीती वाटू नये अशी ती एकच होती. मला भरून आलं. मी ती गुरुजींना पाठवली आणि रजिस्टरात उतरवली. अनुक्रमांक एकशे बेचाळीस. विषय: परिसर अभ्यास, सुपारीची लागवड. कोणाकडून: घरचे. शेरा: अत्यंत उपयुक्त.

परिषदेच्या दिवशी सकाळी निघताना शाळेवरून गेले. तन्वीने रिकाम्या फळीवर ओलं फडकं मारून ठेवलं होतं. "बाई, आज?" मी नुसती मान हलवली. म्हसळ्यापर्यंत मोरे सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी रजिस्टर छातीशी धरलं होतं आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, इथेच पडावं, पाय मोडावा, म्हणजे परिषद तरी चुकेल. मोरे सर फार जपून गाडी चालवतात. काही उपयोग झाला नाही.

सभागृहात साठ शिक्षक, समोर पडदा, टेबलावर मोरे सरांचा संगणक आणि पहिल्या खुर्चीवर गटशिक्षणाधिकारी मॅडम. पांढरी साडी, जाड चष्मा, चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. साळवी साहेबांनी माझी ओळख "आपल्या केंद्राचं भूषण" अशी करून दिली. भूषण मोरे सरांच्या आड उभं होतं.

मॅडमनी रजिस्टर चाळलं. "एकशे बेचाळीस! हाताने लिहिल्यात?"

"हो, मॅडम."

"सगळ्या उपयुक्त?"

"शेवटची अत्यंत."

"सतरा नंबर दाखवा."

मोरे सरांनी माझ्या अक्षरावरून टाइप केली. पडद्यावर आलं, 'हे पान सापडत नाही.' त्यांनी एक गोल बदलून पाहिला. पान सापडेना. दुसरा बदलला. तरी सापडेना. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"साठ नंबर."

उघडली, पण तिने इंग्रजीत नाव आणि परवलीचा शब्द विचारला. आला, आला, तो फोनातला माणूस आला! मी टेबलाची कड घट्ट धरली.

"ब्याण्णव."

ब्याण्णव उघडली. एका हसतमुख नवरा-नवरीचं लग्नाचं आमंत्रण, गाण्यासकट. मागून मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "माझ्या पुतणीचं होतं. चुकून गेलं." (त्यांना परत काहीतरी द्यायचं होतं, बिचाऱ्यांकडे दुसरं काही नव्हतं.)

मॅडमनी चष्मा काढला. अधिकारी चष्मा काढतात तेव्हा फार वाईट होतं. "चोगले बाई, टीव्ही कुठे द्यायचा ते मला आज ठरवायचंय. यादी राहू द्या. यातली तुमच्या खात्रीची, तुम्ही स्वतः हमी घ्याल अशी एकच दाखवा."

माझ्या डोळ्यांपुढे तन्वीने पुसलेली फळी आली. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. आणि या जगात माझ्या खात्रीचं असं घर सोडून दुसरं काय आहे? मी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठणठणीत आवाजात म्हणाले, "एकशे बेचाळीस! परिसर अभ्यास!"

ही लिंक मोरे सरांनी टाइप केली नाही, माझ्या फोनावरून सरळ घेतली. त्यामुळे ती उघडली. लख्ख उघडली!

पडद्यावर सुपारी नव्हती. पडद्यावर आमचं स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गाउनवर, केस सुटलेली, हातात उलथनं घेतलेली मी उभी होते. आणि खाली फरशीवर, नांग्या वर करून, एक पोसलेली चिंबोरी.

"थांब! आहेस तिथेच थांब!" पडद्यावरची मी ओरडले. "पुढे यायचं नाही! खाली बस! बस म्हणते ना!"

चिंबोरी बसली नाही.

"अहो, धरा तिला कुणीतरी! हिला दहा पाय असतात! पुढचे दोन म्हणजे नांग्या! कवच टणक असतं! संधिपाद, संधिपाद प्राणी आहे हा! ऐकत नाहीये! तुझ्या पालकांना बोलावू का?"

सभागृहात आधी एक जण हसला. मग कदम गुरुजी. मग काय झालं ते मला धड आठवत नाही, कारण मी डोळे मिटले होते. पण कान मिटता येत नाहीत. पडद्यावर सासूबाई आल्या आणि शांतपणे फरशीवर बसल्या. "कसली ओरडतंस गो? हिकडं बघ. समोरून हात न्हाय घालायचा. मागनं घालायचा. पाठीवरनं असा अंगठा, खालनं बोटं. आता काय करील ती? ही पोटावरची झडप बघ. रुंद हाय, म्हंजे मादी. नराची निमुळती असते. मादीच्या पोटाला अंडी असली तर तिला न्हाय घ्यायचं, परत खाडीत सोडायचं." आणि ओट्यावरून माझा आवाज: "आधी तिला बाहेर न्या, आई, मग शिकवा!"

व्हिडिओ संपला. मी डोळे किलकिले करून पाहिलं. मॅडमचा चेहरा तसाच होता.

"पुन्हा लावा," मॅडम म्हणाल्या.

मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. 'विषय: वैयक्तिक कारणास्तव.' दुसऱ्यांदाही मी ओट्यावर तशीच उभी होते. फरक एवढाच की आता साठ जण चिंबोरीच्या बाजूने होते.

"या आजी कोण?" मॅडमनी विचारलं.

"सासूबाई," मी पुटपुटले.

"मी विदर्भातली. चिंबोरी नर की मादी कशी ओळखायची, ते मला आज कळलं." मग त्या सभागृहाकडे वळल्या. "खरं सांगा, या एकशे बेचाळीसपैकी एक तरी लिंक इथे कुणी उघडून पाहिली होती का?"

साठ शिक्षकांनी साठ ठिकाणी बघितलं. मोरे सरांनी हात अर्धा वर केला आणि इतरांकडे पाहून खाली घेतला. आणि माझ्या काय अंगात आलं कोण जाणे, मी बोलून गेले, "मॅडम, मी एकही नाही उघडली. मला लिंकेची भीती वाटते."

"दिसलं," मॅडम म्हणाल्या. "टीव्ही तुमच्या शाळेला देते. पण अट आहे. रोज एक लिंक मुलांसमोर उघडायची, बघायची आणि खरा शेरा लिहायचा." आणि माझ्या रजिस्टरात एकशे बेचाळीसच्या पुढे त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'पाहिले. उपयुक्त. बाईंनी खाली उतरावे.'

टीव्ही आला, तन्वीच्या बाबांनी ठोकलेल्या फळीवर बसला. रोज पहिल्या तासाला मुलं लिंक उघडतात आणि मी दाराबाहेर एक पाय ठेवून उभी राहते. महिन्याभरात कळलं, की एकशे बेचाळीस लिंका मुळात एकशे बेचाळीस नव्हत्याच. चौदा होत्या! त्याच फिरत होत्या. कदम गुरुजींची गणिताची तर एकोणीस जणांकडून मला परत आली होती आणि एकोणिसांचे मी आभार मानले होते. पण त्या चौदांतल्या सहा मात्र खरोखर छान निघाल्या. अपूर्णांक तर मुलांना असे समजले की त्यांनी भाकरीचे तुकडे करून मोरे सरांनाच शिकवले. ती लिंक म्हणजे कदम गुरुजींची ती गणिताचीच. पहिल्याच दिवशी उघडली असती, तर माझे चार आठवड्यांचे प्राण वाचले असते. आणि हो, दर शनिवारी मुलांचं एकच मागणं असतं, "बाई, चिंबोरीवाला लावा!" मी लावते. काय करणार?

टीव्ही आला त्या आनंदात मी तन्वीच्या घरी डबाभर खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या होत्या. फळीची आठवण ठेवायला नको? दोन दिवसांनी तन्वी डबा घेऊन आली. चांगला जड होता. रीतीची माणसं!

"आईनं दिलाय, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कुठून आलं, आत काय आहे, कशासाठी आहे, काहीएक न विचारता मी झाकण उघडलं. आयुष्यात न घाबरता उघडलेली ती पहिलीच गोष्ट.

आतून दोन नांग्या वर आल्या.

"आई म्हनाली," तन्वी सांगत होती, "बाईंना सरावाला."

पुढचं मी टेबलावरून ऐकलं. अकरा मुलं एका सुरात ओरडत होती, "बाई, मागनं धरा! मागनं!" आणि दारात मोरे सर फोन समोर धरून उभे होते.

लिंक क्रमांक एकशे त्रेचाळीस. मी अजून उघडलेली नाही.